सामाजिक शास्त्रांचा अभ्यास आणि वर्धा जिल्हा : प्रस्तावना

समाजात माणसे कशी जगतात, काय पिकवतात, मिळकतीची वाटणी कशी होते, निर्णय कोण घेतो आणि तो इतरांना का मान्य होतो, या प्रश्नांची पुराव्यानिशी उत्तरे शोधणाऱ्या विद्याशाखांना सामाजिक शास्त्रे म्हणतात. महाविद्यालयाच्या कला शाखेत अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास आणि भूगोल या स्वतंत्र विषयांतून त्यांची ओळख होते. मानसशास्त्र, मानवशास्त्र, समाजकार्य हे विषयही याच गटात मोडतात. वेळापत्रकात तास वेगवेगळे असले, तरी त्या सर्वांपुढचे वास्तव एकच असते. वर्धा जिल्ह्यातले कापसाचे पीक घेतले तरी हे ध्यानात येते. जमिनीचा पोत आणि पावसाचे दिवस हा भूगोलाचा भाग. बियाण्याचा खर्च, हमीभाव आणि व्यापाऱ्यांची खेडा खरेदी हा अर्थशास्त्राचा. वेचणीला मुख्यतः बायाच का जातात आणि त्यांची मजुरी किलोवर का ठरते, हे समाजशास्त्र विचारते. हमीभाव ठरवणाऱ्या सत्तेपर्यंत शेतकऱ्याचे म्हणणे कसे पोचते किंवा वाटेत कुठे अडते, हा राज्यशास्त्राचा प्रश्न. हिंगणघाटचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत कसा गेला, ते इतिहास सांगतो.

या अभ्यासाच्या दृष्टीने वर्धा जिल्ह्याचे एक वेगळेपण आहे. समाज कसा असावा, याबद्दलचे विसाव्या शतकातले काही मोठे विचार येथे मांडले गेले, आणि समाज प्रत्यक्षात कसा आहे, याचे कठोर पुरावेही याच जिल्ह्यात साचत गेले. या दोहोंतले अंतर नीट मोजता येणे, हे सामाजिक शास्त्रांच्या शिक्षणाचे मुख्य फलित मानावे लागेल.

जिल्ह्याची घडण

मध्यप्रांताची स्थापना १८६१ साली झाली आणि १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला. त्या वेळी अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होते. तिकडचा कापूस बंद झाल्याने ब्रिटिश गिरण्यांची नजर हिंदुस्थानातल्या काळ्या जमिनीकडे वळली होती. १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी जिल्ह्याचे मुख्य ठाणे वसवले गेले आणि १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली. प्रशासन, बाजारपेठ आणि लोहमार्ग या तिन्ही गोष्टी पाच-सहा वर्षांच्या अवधीत एकत्र आल्या. हिंगणघाट आणि पुलगाव येथे पुढे कापडगिरण्या निघाल्या, त्याची मुळे याच काळात सापडतात.

आज जिल्ह्यात वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर असे ८ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १३,००,७७४ होती. पश्चिमेकडून वाहणारी वर्धा नदी ही जुन्या वऱ्हाडची हद्द. नदीपलीकडे रयतवारी होती, तर अलीकडे मालगुजारी. पलीकडचा शेतकरी सारा थेट सरकारात भरत असे, तर अलीकडे गावचा मालगुजार मध्ये उभा असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तरी जुन्या मालगुजारी गावांत जमिनीची मालकी, तलावांचे हक्क आणि गावातला मान यांवर तिचा ठसा कितपत उरला आहे, हा आजही अभ्यासण्याजोगा विषय आहे. एकाच प्रकारची माती, एकच पीक, पण दोन महसूलपद्धती असा तुलनेसाठी इतका सोयीचा प्रदेश सहसा मिळत नाही.

शिक्षणसंस्था

जिल्ह्यातली महाविद्यालये १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. २००५ पासून हे विद्यापीठ राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. २०११ मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोलीची महाविद्यालये नव्या गोंडवाना विद्यापीठाकडे गेली, वर्धा मात्र नागपूरकडेच राहिला. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी, कारंजा अशा गावांत कला शाखेची महाविद्यालये आहेत. खेड्यांतून एस.टी.ने येणारे विद्यार्थी प्रामुख्याने मराठी माध्यमातून ही शास्त्रे शिकतात.

उच्च शिक्षणाची येथली परंपरा शिक्षा मंडळाच्या कामाशी जोडलेली आहे. उद्योगपती जमनालाल बजाज यांच्या पुढाकाराने १९१४ मध्ये हे मंडळ स्थापन झाले. त्याने १९४० मध्ये गोविंदराम सेक्सरिया वाणिज्य महाविद्यालय सुरू केले. या महाविद्यालयाचे प्राचार्य श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी १९४४ मध्ये ‘गांधीयन प्लॅन’ हा आर्थिक विकासाचा आराखडा प्रसिद्ध केला. त्याच वर्षी उद्योगपतींचा ‘बॉम्बे प्लॅन’ चर्चेत होता. ‘बॉम्बे प्लॅन’ने अवजड उद्योगांवर भर दिला, तर ‘गांधीयन प्लॅन’ने शेती आणि ग्रामोद्योगांवर. नियोजनाच्या या दोन दिशा शेजारी ठेवून वाचल्या, म्हणजे स्वातंत्र्यानंतरच्या आर्थिक धोरणांवरील वाद कुठून सुरू झाले ते कळते.

१९९७ मध्ये वर्ध्यात महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय हे केंद्रीय विद्यापीठ अस्तित्वात आले. अहिंसा व शांती अध्ययन, स्त्री अध्ययन, मानवशास्त्र, समाजकार्य हे विषय तेथे हिंदी माध्यमातून शिकवले जातात. त्यामुळे मराठी माध्यमातून पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याला पदव्युत्तर पातळीवर आंतरविद्याशाखीय अभ्यासाची वाट जिल्ह्यातच मिळते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत पदवी अभ्यासक्रमाची नवी रचना लागू झाली. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुले ऐच्छिक विषय यांच्या जोडीला क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभाग यांनाही श्रेयांक मिळू लागले. पूर्वी वर्षाअखेरीच्या सहलीपुरते किंवा एखाद्या हौशी प्राध्यापकाच्या उत्साहापुरते असलेले गावपाहणीचे काम आता अभ्यासक्रमातच आले आहे.

विचारांचा वारसा

क्षेत्रकार्याची ही कल्पना वर्ध्याला नवी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योग शिक्षणाचा आराखडा तयार केला. ‘वर्धा योजना’ किंवा ‘नई तालीम’ म्हणून तो प्रसिद्ध आहे. हस्तोद्योगाभोवती गुंफलेल्या या अभ्यासक्रमात सामाजिक अभ्यास हा विषय होता. इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र त्यात एकत्र आणले होते आणि सुरुवात मुलाच्या घरापासून, गावापासून करायची होती. शालेय पातळीवरचा हा विचार पुढे बाजूला पडला, पण सामाजिक शास्त्रांनी जवळच्या अनुभवापासून सुरुवात करावी हे त्याचे सूत्र महाविद्यालयालाही लागू पडते.

दुसरा धागा अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांचा. न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी प्रा. सेलिग्मन यांच्याकडे सार्वजनिक वित्तव्यवहाराचा अभ्यास केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरही काही वर्षे आधी याच प्राध्यापकांचे विद्यार्थी होते. परत आल्यावर कुमारप्पांनी गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी केली. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याचे मगनवाडी हे त्याचे केंद्र झाले. मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे अध्यक्षपदही कुमारप्पांकडे होते. गावातला तेली, चांभार, विणकर किती कमावतो, कच्चा माल कुठून आणतो, गिरणीच्या मालाने त्याचा धंदा किती बुडाला, अशी माहिती घरोघर फिरून गोळा करायची आणि मग धोरण सुचवायचे, ही त्यांची रीत होती. आदर्श मांडणाराही आधी मोजणी करतो, हे या उदाहरणातून विद्यार्थ्याने घ्यावे.

कोलंबियाच्या एकाच वर्गखोलीतून निघालेल्या दोन वाटा मात्र गावाच्या प्रश्नावर एकमेकींच्या विरुद्ध गेल्या. कुमारप्पांना स्वावलंबी गावात अहिंसक अर्थव्यवस्थेचा पाया दिसला, तर आंबेडकरांना त्याच गावात जातिव्यवस्थेचे बंदिस्त आवार दिसले. गांधीजींचा आश्रम असलेल्या सेवाग्रामच्या परिसरात शिकणाऱ्या विद्यार्थ्याने ही दोन्ही मते सारख्याच गांभीर्याने वाचायला हवीत. जवळचा वारसा म्हणून एक मत आपोआप खरे ठरत नाही. कोणते निरीक्षण कोणत्या गावाबद्दल, कोणत्या काळात आणि कोणाच्या अनुभवावरून केले आहे, हे तपासल्यावरच त्यांचे मोल ठरवता येते.

विषय आणि त्यांची सामग्री

इतिहासाच्या विद्यार्थ्याला जिल्ह्यात दोन हजार वर्षांची साधने मिळतात. धाम नदीकाठचे पवनार म्हणजेच वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर, असे इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. नागपूर विद्यापीठाने १९६७ मध्ये तेथे उत्खनन केले आणि शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांनी त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ताम्रपट काय सांगतो आणि जमिनीतून काय निघते, या दोन पुराव्यांची सांगड कशी घालतात, हे शिकायला पवनार हा उत्तम पाठ आहे. आधुनिक काळासाठी आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेले १९०६ चे वर्धा जिल्हा गॅझेटियर उपयोगी पडते. मात्र ते महसूल गोळा करणाऱ्या राजवटीने लिहवून घेतले होते, हे वाचताना विसरता येत नाही. जुलै १९२८ मध्ये जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांना खुले केले, १६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टीत पोलीस ठाण्यावर गेलेल्या लोकांवर गोळीबार झाला. या घटना वर्तमानपत्रे, सरकारी नोंदी आणि लोकांच्या आठवणी यांतून वेगवेगळ्या उतरतात. त्या फरकातूनच इतिहासलेखनाची शिस्त समजते.

भूगोलासाठी मातीपासून आरंभ करता येतो. काळी, मोरंड, खरडी, बरडी हे शेतकऱ्याने केलेले जमिनीचे वर्गीकरण आहे आणि जुन्या महसुली पाहणीत त्याचा उपयोग झाला. नदीखोऱ्यातली खोल काळी जमीन आणि आर्वी-कारंजाकडची डोंगराळ, उथळ जमीन यांवर एकच पीकपद्धती लादली, तर काय होते, ते उत्पादनाच्या आकड्यांत दिसते. आर्वीजवळचा निम्न वर्धा प्रकल्प, २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प ठरलेले बोर अभयारण्य आणि २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी टप्प्यात खुला झालेला समृद्धी महामार्ग या तिन्हींनी जमिनीचा वापर बदलला. कोणाचे शेत गेले, मोबदल्याचे पैसे कशात गुंतले, पुनर्वसित गावठाणात कोण राहिले आणि कोण शहरात गेले, येथे भूगोल समाजशास्त्राला येऊन मिळतो.

अर्थशास्त्रात कापसाला पर्याय नाही. १९७२ मध्ये सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना, २००२ मध्ये मंजूर झालेले बीटी बियाणे आणि २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी जाहीर केलेले ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज, ज्यात वर्धाही होता, हे तीन टप्पे घेतले तर सरकार, बाजार आणि तंत्रज्ञान यांचा शेतीशी असलेला संबंध समजतो. सालगड्याचे वर्षाचे ठरवलेले पैसे, ठेक्याने आणि बटईने केलेली शेती, सोयाबीनचा वाढता पेरा, बचत गटांचे कर्ज आणि सावकारी यांचा अभ्यास गावपातळीवरच होऊ शकतो.

राज्यशास्त्राच्या दृष्टीने जिल्ह्याने एका शतकात अनेक राजकीय चौकटी पाहिल्या. मध्यप्रांत व वऱ्हाड, १९५० नंतर मध्य प्रदेश, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई आणि १९६० मध्ये महाराष्ट्र. स्वतंत्र विदर्भाची मागणी या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते. मतदारसंघांची रचनाही बोलकी आहे. जिल्ह्यात वर्धा, देवळी, हिंगणघाट, आर्वी हे विधानसभेचे चार मतदारसंघ आहेत, पण वर्धा लोकसभा मतदारसंघात नदीपलीकडचे धामणगाव रेल्वे आणि मोर्शी हे अमरावती जिल्ह्यातले दोन मतदारसंघही येतात. प्रशासनाचा नकाशा आणि प्रतिनिधित्वाचा नकाशा वेगळे असले, की प्रचार, जातींची गणिते आणि विकासनिधीची मागणी कशी बदलते, हा पदवीच्या प्रकल्पाला पेलेल असा विषय आहे. पंचायतींविषयीची ७३ वी घटनादुरुस्ती आणि महिलांसाठी निम्म्या जागांचे आरक्षण यांचा परिणाम पाहायचा, तर ग्रामसभेच्या इतिवृत्ताबरोबर प्रत्यक्ष ग्रामसभाही पाहावी लागते.

समाजशास्त्र आणि मानवशास्त्र यांना कुणबी, तेली, माळी, बौद्ध, गोंड, कोलाम, पारधी, मुस्लिम अशा अनेक समाजांचे सहजीवन येथे दिसते. १९५६ मध्ये नागपूरला झालेल्या धम्मदीक्षेनंतर शिक्षण, विवाह, गावकीची जुनी कामे आणि सण यांत काय पालटले, हा विषय जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात अभ्यासता येतो. गिरडच्या शेख फरीद दर्ग्यासारख्या ठिकाणी वेगवेगळ्या धर्मांचे लोक नवस घेऊन येतात. अशा श्रद्धास्थळांचा अभ्यास धर्माच्या पुस्तकी व्याख्या तपासून पाहायला लावतो.

पद्धती

विषय कोणताही असो, त्याला शास्त्राचे रूप पद्धतीमुळे येते. पदवीच्या विद्यार्थ्याने चार गोष्टी तरी शिकाव्यात. पहिली, आधीच असलेली साधने वाचणे. जनगणनेची जिल्हा पुस्तिका, अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन, गॅझेटियर, सातबारा आणि ग्रामपंचायतीची दप्तरे यांतून निम्मा प्रश्न पाहणीआधीच स्पष्ट होतो. दुसरी, नमुना निवडणे. गावात दुपारी गेले तर म्हातारी माणसे तेवढी घरी सापडतात, कारण बाकीचे निंदणीला किंवा वेचणीला गेलेले असतात. रस्त्याकडेच्या घरांतूनच उत्तरे घेतली, तर पलीकडची वस्ती आणि पारध्यांचा बेडा सुटून जातो. तिसरी, मुलाखत आणि निरीक्षण यांची जोड. दारूबंदीच्या जिल्ह्यात दारूबद्दल थेट विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर मिळेलच असे नाही. चौथी, तुलना.

तुलनेचे महत्त्व याच दारूबंदीच्या उदाहरणाने पटते. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून आहे, तर चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागू होऊन २०२१ मध्ये उठली. एकाच महसूल विभागात दीर्घकाळची बंदी, लोकचळवळीतून आलेली बंदी आणि मागे घेतलेली बंदी अशा तीन स्थिती मिळाल्या आहेत. बंदीने पिणे किती घटते, अवैध विक्री किती वाढते, बायांवरच्या हिंसेत काय फरक पडतो, याबद्दल ठाम मते भरपूर आहेत. अभ्यासकाने त्या मतांतून तपासता येतील अशी विधाने वेगळी काढायची आणि प्रत्येकासाठी कोणता पुरावा लागेल ते ठरवायचे.

आकड्यांकडे कसे पाहावे, हे शेतकरी आत्महत्यांच्या नोंदींतून शिकता येते. राज्य शासन मदतीसाठी प्रत्येक प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरवते. त्यासाठी जमीन मृताच्या किंवा कुटुंबाच्या नावे असणे आणि कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे थकलेले असणे, अशा अटी पाहिल्या जातात. ठेक्याने शेती करणारा, नातेवाइकाकडून उसने घेणारा किंवा विनापरवाना सावकाराकडे अडकलेला माणूस या चौकटीत सहज बसत नाही. स्त्रीच्या नावे सातबारा क्वचितच असतो. त्यामुळे ती आयुष्यभर शेतीत राबली तरी नोंदीत ती शेतकरी ठरेलच असे नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची व्याख्या वेगळी आहे आणि २०१४ पासून त्या विभागाने शेतकरी व शेतमजूर अशी विभागणी केली. म्हणून एका स्रोतातला आकडा दुसऱ्याशी थेट ताडता येत नाही आणि २०१४ च्या आधीची मालिकाही नंतरच्या मालिकेला सरळ जोडता येत नाही. कोणताही आकडा वापरण्याआधी तो कोणी, कशासाठी, कोणती व्याख्या धरून मोजला, हे विचारणे ही अभ्यासकाची पहिली सवय असली पाहिजे.

अभ्यासकाची जबाबदारी

माणसांचा अभ्यास करताना अभ्यासकावर काही बंधने येतात. माहिती कशासाठी हवी आहे हे आधी सांगणे, उत्तर न देण्याचा हक्क मान्य करणे, कर्ज, आजार, कौटुंबिक कलह यांविषयीच्या माहितीत नावे गुप्त ठेवणे आणि पाहणीतून काही सरकारी लाभ मिळेल अशी आशा न लावणे, ही किमान पथ्ये होत. दुःखात असलेल्या घरी प्रश्नावली घेऊन जाण्याआधी ती माहिती अन्यत्र मिळते का, हे पाहावे. काम झाल्यावर निष्कर्ष ग्रामसभेपुढे मराठीत ठेवले, तर गावालाही ते तपासता येतात आणि चुका तेथेच दुरुस्त होतात. १९६९ मध्ये सुरू झालेल्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात दरवर्षी नवी तुकडी एक गाव दत्तक घेते, तेथे शिबिरात राहते आणि पुढेही त्या कुटुंबांशी संपर्क ठेवते. सामाजिक शास्त्रांच्या विभागांनी एकच गाव वर्षानुवर्षे अभ्यासले, तर दरवर्षी नव्याने आरंभ करण्याऐवजी बदलाची सलग नोंद हाती येईल.

पदवीनंतर

या विषयांचे पदवीधर स्पर्धा परीक्षा, अध्यापन, समाजकार्य, पत्रकारिता, ग्रामविकासाच्या योजना, स्वयंसेवी संस्था आणि संशोधन अशा क्षेत्रांत जातात. राज्य आणि केंद्रीय लोकसेवा आयोगांच्या परीक्षांत इतिहास, भूगोल, राज्यव्यवस्था, अर्थव्यवस्था यांवर मोठा भर असतो. म्हणून अनेक विद्यार्थी या विषयांकडे वळतात. परंतु त्या तयारीत उत्तर आधीच ठरलेले असते, तर शास्त्राच्या अभ्यासात प्रश्नच नीट मांडावा लागतो. दोन्हीकडे वाचन तेच असले, तरी सवयी वेगळ्या लागतात. त्यामुळे पदवीच्या काळात निदान एक प्रकल्प तरी स्वतःच्या प्रश्नावर, स्वतः गोळा केलेल्या माहितीवर उभा असावा.

सामाजिक शास्त्रांनाही मर्यादा आहेत. गाव कसे असावे, हा निर्णय अंतिमतः मूल्यांचा असतो आणि तो लोकांनी घ्यायचा असतो. गाव आज कसे आहे, कोणत्या उपायाने काय साधले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे मात्र पुराव्याने सांगता येते. भूदान चळवळीत दान मिळालेली जमीन कोणाच्या हाती गेली, ग्रामोद्योगांतून पोट कितीजणांचे भरते, आरक्षणाने आलेली सरपंच बाई स्वतः किती निर्णय घेते, अशा प्रश्नांना आदराने किंवा कुचेष्टेने उत्तर देता येत नाही. त्यांसाठी दप्तर पाहावे लागते, घरोघर जावे लागते आणि हाती आलेले उत्तर आपल्या आवडत्या मताविरुद्ध गेले तरी नोंदवावे लागते.